गोंधळाच्या चित्रीकरणापासून सोर्स कोडपर्यंत

धाराशिव-लातूरकडे लग्नानंतर रात्रभर गोंधळ चालतो. त्याचं चित्रीकरण आता कुणीही मोबाइलवर करतं. खरं काम त्यानंतरचं. संबळाची चाल कुठे बदलली, गण संपून आख्यान कधी लागलं, दिवटी कधी पुढे आली, हे त्या त्या क्षणाला बांधून लिहायचं असतं. वहीत ‘तासाभरानंतर’ असं लिहून भागत नाही. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, आणि संबळाचा ठोका तेवढ्यात पकडावा लागतो.

हीच अडचण भाषाअभ्यासकांची होती. बोलताना हात, नजर, शब्द सगळं एकदम चालतं. २००० साली फोक्सवागन प्रतिष्ठानच्या पैशातून लोपत चाललेल्या भाषा टिपण्याचा ‘डोबेस’ उपक्रम सुरू झाला. त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेत व्हिडिओवर अशा नोंदी करण्याचं ‘ईलान’ हे सॉफ्टवेअर आकाराला आलं. एकाच व्हिडिओखाली नोंदींच्या अनेक ओळी, प्रत्येक नोंदीला सुरुवात आणि शेवट. नोंदी साठतात एक्सएमएलमध्ये, म्हणजे खुणा घातलेल्या साध्या मजकुरात. मला हीच त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, कारण उद्या ईलान नसलं तरी फाइल उघडून वाचता येईल.

दुसरी वाट संगणकदृष्टीची, म्हणजे संगणकाला चित्रातलं ओळखायला शिकवण्याची. ‘व्हॅटिक’ या साधनात काही फ्रेमवरच वस्तूभोवती चौकट आखायची, मधल्या चौकटी संगणक भरतो. तीच कल्पना पुढे नेणारं ‘सीव्हॅट’ इंटेलने २०१८ साली खुलं केलं.

आता अशी साधनं सोर्सवरून बिल्ड करण्याबद्दल, म्हणजे त्यांच्या मूळ कोडमधून चालणारा प्रोग्रॅम स्वतः तयार करण्याबद्दल. ‘मेक’ हे साधन १९७६चं, बेल लॅब्जमधलं: कुठली फाइल बदलली ते पाहून तेवढीच पुन्हा कंपाइल करायची, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणायची. १९८३ साली प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी मुक्त सॉफ्टवेअरचा जीएनयू प्रकल्प जाहीर केला, १९८९ साली जीपीएल परवाना आला आणि कोड वाचण्याचा, बदलण्याचा हक्क कागदावर उतरला. २००५ साली कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट आलं, २०१३ साली प्रोग्रॅम लागणाऱ्या सगळ्या सामानासकट बांधून देणारं डॉकर. सीव्हॅट आज डॉकरमुळेच दोन-तीन आज्ञांत उभं राहतं. ईलान जावा या भाषेत लिहिलेलं आहे आणि मेव्हन या साधनाने बिल्ड होतं.

मी ईलान पहिल्यांदा बिल्ड केलं तेव्हा दोनदा अडलं. आधी मशीनवरचा जेडीके, म्हणजे जावाचा साधनसंच, जुना निघाला. मग लायब्ऱ्या, म्हणजे त्याला लागणारे तयार कोडचे संच, इंटरनेटवरून उतरत असतानाच लाइट गेली. सगळं मुळापासून करावं लागणार असं वाटलं होतं, पण पूर्ण उतरलेलं मेव्हन ‘.m2’ फोल्डरमध्ये जपून ठेवतो. लाइट आल्यावर राहिलेलंच उतरलं आणि थोड्या वेळाने पडद्यावर ‘बिल्ड सक्सेस’ आलं.

कोड हाती आल्यावर मेनूतले शब्दही आपल्या भाषेत लिहिता येतात. नोंदींच्या ओळीला ईलान ‘टिअर’ म्हणतं. मी त्याला ‘पदर’ म्हणतो: गाण्याचा पदर, संबळाचा पदर, तुणतुण्याचा पदर.