स्नार्की पपीचा तो अल्बम नंतर स्टुडिओत जुळवलेला नाहीये
स्नार्की पपी या अमेरिकन जॅझ-फ्युजन बँडचा 'वी लाइक इट हिअर' हा अल्बम ऐकवला की कोणीतरी म्हणतंच, एवढं घट्ट लाइव्ह वाजतंय होय, व्हिडिओ दिखाव्यापुरता आहे, आवाज नंतर भरलाय. नाही हो. ऑक्टोबर 2013 मध्ये नेदरलँड्सच्या उट्रेक्टमध्ये किटोपिया स्टुडिओत लोकांसमोर वाजवून रेकॉर्ड केलाय आणि नंतर वरून ओव्हरडब, म्हणजे वेगळे वाजवून चढवलेले आवाज, केलेले नाहीत. व्हिडिओत ते हेडफोन लावून बसलेले लोक बघून शंका येते, पण ते श्रोते आहेत, मोठे स्पीकर लावले तर माइकमध्ये सगळा आवाज घुसला असता म्हणून त्यांना हेडफोनवर ऐकवलं, आणि बसवलं थेट वादकांच्या मधोमध! ड्रमर लार्नेल लुइसला ऐनवेळी बोलावलं होतं, त्याने गाणी तिकडे जाताना विमानात पाठ केली, आणि तरी तो ग्रूव्ह ऐका.

यातलं 'लिंगस' हे गाणं पाच मात्रांत सुरू होतं, पण मोजत नका बसू, बेसवर पाय आपोआप हलतो. कीबोर्डवादक कोरी हेन्रीचा सिंथ (सिंथेसायझर) सोलो सुरू झाला की बाकीच्या वादकांचे चेहरे बघा, तेही आपल्यासारखेच थक्क झालेत, मला तो क्षण दरवेळी नवा वाटतो. चांगले हेडफोन लावून, सलग ऐका.