एल्विस आणि गॉस्पेल: ‘उतारवयातली भक्ती’ नव्हे

रॉक अँड रोलचा अमेरिकन गायक एल्विस प्रेस्ली याच्याबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: तरुणपणी कंबर हलवून नाव कमावलं आणि प्रतिमा धुऊन काढायला पुढे देवाची गाणी, म्हणजे गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं), धरली. क्रमच उलटा आहे.

मिसिसिपीतल्या टुपेलो गावी आईवडिलांसोबत तो असेंब्ली ऑफ गॉडच्या चर्चमध्ये जायचा. गाण्याची पहिली ओळख तिथलीच. मेम्फिसला आल्यावर रात्रभर चालणाऱ्या गॉस्पेल मैफलींना हजेरी. एका गॉस्पेल चौकडीत घ्या म्हणून चाचणीही दिली, पण नकार मिळाला. (घेतलं असतं तर रॉक अँड रोलचं काय झालं असतं, कोण जाणे.)

६ जानेवारी १९५७चा एड सलिव्हन शो हा टीव्ही कार्यक्रम बघा. त्याच्या हालचालींवरून एवढा गदारोळ झालेला, की कॅमेरा कंबरेच्या खाली जायला तयार नाही. वय अवघं २१. आणि शेवटी हा गातो काय? ‘पीस इन द व्हॅली’, थेट चर्चमधलं भजन! मागे सूर धरणारे जॉर्डनेअर्स, तेही मुळात गॉस्पेलवाले.

आता ग्रॅमी. स्पर्धेतून मिळालेले त्याचे तिन्ही पुरस्कार गॉस्पेल गायनासाठीचे आहेत. रॉकच्या ‘राजा’ला रॉकसाठी एकही नाही.

म्हणून त्याला संत ठरवू नका. गोळ्यांचं व्यसन खरं होतं. पण मैफल संपली की पहाटेपर्यंत पियानोभोवती गॉस्पेल गात बसायचा तेव्हा समोर कॅमेरा नसायचा.