संग्रहासाठी जुनी रायफल घेण्याआधी

जुनी रायफल हातात आली की बहुतेकांची नजर आधी तिच्या चकाकीवर जाते. आम्ही चकाकी सगळ्यात शेवटी बघतो, आणि ती जरा जास्तच असली तर आमचा संशय बळावतो.

त्याआधी एक काम, विकणारा कितीही ओळखीचा असला तरी चुकवू नका. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला ठेवून बोल्ट (काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडा आणि मॅगझिन व चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटानेही खात्री करून घ्या.

मग भिंग घ्या. लोखंडावरची अक्षरं आणि कारखान्याच्या मोहरा धारदार दिसायला हव्यात. पॉलिश मशीनवर घासलेल्या रायफलीत अक्षरांच्या कडा विरतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खोलगटपणा येतो आणि सरळ कोपरे गोलसर होतात. वर नवा निळसर-काळा मुलामा चढवला तरी या खुणा लपत नाहीत. संग्राहकाच्या दृष्टीने मूळचा विटलेला मुलामा अशा नव्या मुलाम्यापेक्षा केव्हाही चांगला.

वेगवेगळ्या भागांवर ठोकलेले नंबरही एकमेकांशी जुळवून बघा. जर्मन ९८के माउझरच्या अनेक छोट्या भागांवर रायफलीच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे असतात. रशियन मोसिन-नागांत रायफलीच्या बाबतीत जास्त सावध राहा. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत कोठारांत या रायफली मोठ्या संख्येने दुरुस्त झाल्या आणि दुसरीकडचा बोल्ट बसवून त्यावर नवा नंबर ठोकला गेला. नंबर जुळतात, पण बोल्ट मूळचा नसतो. यात फसवणूक आहे असं नाही, फक्त किंमत त्या हिशेबाने द्यायची.

शिकारीसाठी कुणी पुढचं लाकूड कापलं असेल तर तसा दस्ता (रायफलीचा लाकडी भाग) शोधून मिळेलही. कापलेली नळी मात्र परत लांब होत नाही.

नळीत मागून उजेड टाकून पुढून बघा. जुन्या लष्करी काडतुसांच्या कॅपमध्ये (दारू पेटवणाऱ्या बुडाच्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे क्षार राहतो, तो हवेतली ओल धरून ठेवतो आणि वेळीच पाण्याने धुतला नाही तर पोलादाला खड्डे पाडतो. नुसती काळवंडलेली नळी साफ होते, खड्डे कायमचे राहतात. भिंतीवर लावायची असेल तर तेही चालेल.

झाडायची असेल, तर आमचा आग्रह आहे की आधी जाणकार कारागिराकडून गेजने हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसासाठी राहणारं अंतर) मोजून घ्या. बोल्ट बदललेला असेल तर हे टाळूच नका. काही रायफली मोजमापात बसल्या तरी झाडू नयेत. अमेरिकन स्प्रिंगफील्ड १९०३ घ्या. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या ८,००,००० पेक्षा कमी नंबरच्या रायफलींचं पोलाद तापवताना बिघडून ठिसूळ झालेलं असू शकतं. संग्रहात ती मानाची, पण तिच्यात काडतूस घालू नका.

'आजोबांनी युद्धातून आणलेली' असं सांगितलं गेलं तर ऐकून घ्या, त्यात खोटं असेलच असं नाही. कागद किंवा जुना फोटो सोबत नसेल तर त्या आठवणीचे वेगळे पैसे मात्र देऊ नका. परवान्याचे नियम देशागणिक बदलतात, ते इसार देण्याआधीच विचारून घ्या.

घरी नेल्यावर सँडपेपर, स्टील वूल, वॉर्निश यांना हात लावू नका. लोखंडावर तेलाचं पातळ बोट फिरवा आणि दस्ता मऊ कोरड्या फडक्याने पुसा. डाग काढावासा वाटलाच तर आधी आम्हाला दाखवा.