जुन्या सिनेमाची रिळं: काय उरलं आणि का उरलं

3 मे 1913 रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमाघरात लागलेला 'राजा हरिश्चंद्र' चार रिळांचा, सुमारे 3700 फुटांचा होता. आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याची पहिली आणि शेवटची रिळं तेवढी आहेत, आणि तीही मूळची की फाळक्यांनी 1917 मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. 1931च्या 'आलम आरा' या भारताच्या पहिल्या बोलपटाची तर एकही प्रिंट उरलेली नाही. भारतात हजाराहून अधिक मूकपट निघाले. त्यातले हाती आहेत ते तीसेक, आणि बरेचसे अपुरे.

याचं पहिलं कारण फिल्ममध्येच होतं. 1950च्या सुमारापर्यंत 35 मिमीची फिल्म नायट्रेटची असे. कापसावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून हा पदार्थ बनतो. जळताना त्यातूनच ऑक्सिजन मिळत राहतो, त्यामुळे पेटलेलं रीळ पाण्यात बुडवलं तरी विझत नाही. आग लागली नाही तरी ते आतून सडतं. आधी चित्र पिवळट पडून फिकट होतं, मग पापुद्रे एकमेकांना चिकटतात, वर मधासारखा फेस येतो, सगळं रीळ घट्ट गोळा होतं आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी राहते. चिकटायला लागलेल्या रिळाचा निरोगी भाग कापून लगेच दुसऱ्या फिल्मवर उतरवून घेतला, तरच काही वाचतं.

दुसरं कारण बाजाराचं. सिनेमाघरांतून उतरलेल्या प्रिंटला किंमत उरत नसे, पण तिच्यातल्या चांदीला होती. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्याच कणांचं असतं. ती चांदी काढून घेण्यासाठी डबेच्या डबे भंगारात गेले.

संग्रहालय स्थापन झालं 1964 मध्ये, म्हणजे पहिल्या चित्रपटानंतर 51 वर्षांनी. हा उशीर फार महागात पडला. पुढच्या वर्षी पी. के. नायर तिथे रुजू झाले आणि 1991 मध्ये निवृत्त होईपर्यंत निर्माते, वितरक, कलावंतांचे वारस यांच्याकडून रिळं मिळवत राहिले. फाळक्यांचं जे काही आज पडद्यावर पाहता येतं, ते मुख्यतः नायरांच्या चिकाटीमुळे. फिल्म सोसायट्यांना इथूनच प्रिंट मिळू लागल्या. 1968 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थांमुळे प्रभात फिल्म कंपनीचे बोलपट आणि जपानी, रशियन, फ्रेंच सिनेमा शेजारी शेजारी पाहणारी पिढी तयार झाली. जानेवारी 2003 मध्ये मात्र पुण्यात नायट्रेट रिळं ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि फार मोठा साठा एका दिवसात गेला.

नायट्रेटनंतर आलेली अॅसिटेट फिल्म 'सेफ्टी' म्हणून ओळखली गेली, कारण ती तशी पेटत नाही. पण उष्ण, दमट हवेत तिच्यातून अॅसिटिक आम्ल सुटतं. डबा उघडल्यावर व्हिनेगरचा आंबूस वास आला, तर ही क्रिया सुरू झाली असं समजावं. सुटलेलं आम्लच पुढची सड वाढवतं, म्हणून असं रीळ बाकीच्यांपासून आधी वेगळं करावं लागतं. पण नुसत्या वासावर विसंबू नये. निळी चाचणीपट्टी खोलीच्या तापमानाला दिवसभर बंद डब्यात ठेवतात. ती हिरवट झाली तर सड सुरू आहे, पिवळी झाली तर वेळ फार थोडा आहे. अशी फिल्म आक्रसतेही. एका फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं असतात. आक्रसणं एक टक्क्याच्या आसपास गेलं की ती प्रोजेक्टरच्या दात्यांवर बसत नाहीत आणि कडा फाटतात. असं रीळ प्रोजेक्टरवर कधीच चढवू नये, ते दात्यांविना चालणाऱ्या स्कॅनरवरच उतरवावं.

रंगीत प्रिंटचं दुखणं निराळं. 1980च्या आधीच्या बहुतेक प्रिंटमधला निळसर रंग अंधारात ठेवूनही उडतो आणि सगळा सिनेमा गुलाबी-लाल दिसू लागतो. रंगीत फिल्म कृष्णधवल फिल्मपेक्षा बरीच थंड आणि कोरडी ठेवावी लागते ती यासाठीच.

डिजिटल दुरुस्ती फ्रेमगणिक चालते. सेकंदाला 24 फ्रेम म्हणजे दोन तासांच्या बोलपटात 1,72,800. ओरखडे, धूळ, हलणारं चित्र संगणक बरंचसं सावरतो, पण यंत्र पावसाच्या सरीलाही ओरखडा समजून पुसतं. शेजारी माणूस बसलेला हवाच.

एवढं होऊनही घरी पाहताना घात होतो. मूकपट बहुधा सेकंदाला 16 ते 20 फ्रेमच्या गतीने चित्रित झाले. ते 24 ने चालवले की पात्रं धावतात, आणि मग लोक त्या अभिनयालाच हसतात. जुनी चौकट जवळपास 4:3 ची असते. रुंद पडदा भरण्यासाठी ती 16:9 मध्ये कापली की उंचीचा चौथा भाग जातो: कपाळं छाटली जातात, पायाशी वाकलेला माणूस चौकटीबाहेर राहतो. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असलेली प्रत मिळत असेल तर तीच पाहावी.