वात झालाय की म्हातारचळ? दोन्ही एक नाही

आमच्या रत्नागिरीकडे म्हातारं माणूस असंबद्ध बोलायला लागलं की कोण म्हणतं वातात बडबडतंय, कोण म्हणतं म्हातारचळ लागला, जणू एकच गोष्ट. पण वात म्हणजे डॉक्टरांचं डेलिरियम, अचानक भान हरपणं, आणि म्हातारचळ म्हणजे डिमेन्शिया, हळूहळू स्मृती-बुद्धी कमी होत जाणं, आणि हा फरक कळलाच पाहिजे असं मला फार मनापासून वाटतं.

माझी आजी गणपतीच्या आदल्या आठवड्यापर्यंत नारळ खवत होती. एका सकाळी तिने मला ओळखलंच नाही, दुपारी नीट बोलली, तिन्हीसांजेला पडवीत बसून वारलेल्या आजोबांना हाका मारायला लागली. घरात देवाला गाऱ्हाणं घालायची बोलणी सुरू झाली, आणि निघालं काय तर लघवीचं इन्फेक्शन, तेही ताप नाही जळजळ नाही. औषध चालू झाल्यावर चारेक दिवसांत ती भानावर आली.

होतं असं की इन्फेक्शनशी लढताना शरीर सायटोकाइन्स नावाची, दाह वाढवणारी रसायनं सोडतं, त्याचा परिणाम मेंदूपर्यंत जातो, तरुण माणसाला नुसती मरगळ येते पण म्हाताऱ्या मेंदूचं लक्षच उडतं. वार उलटे म्हणायला सांगा, शनिवार, शुक्रवार असे, डेलिरियमवाला मध्येच हरवतो, सुरुवातीच्या डिमेन्शियात बऱ्याचदा जमतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी होतं म्हणून बायकांना हे इन्फेक्शन जास्त, पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे लघवी तुंबूनही डेलिरियम होतो. काही जण बडबडत नाहीत, नुसते गप्प पडून राहतात, ते तर कुणाच्या लक्षातच येत नाही.

डिमेन्शिया मात्र महिने-वर्षं घेऊन येतो. त्यातही मेंदूत दाह असतो, पण मंद, धुमसणारा. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, त्यात बायका जास्त. त्या जास्त जगतात हे एक कारण, आपल्या आज्यांना शाळा मिळाली नाही हे दुसरं, आणि इस्ट्रोजेन मेंदूतल्या दाहाला आवर घालतं, तो आवर पाळीनंतर सुटतो हेही एक कारण असावं असं संशोधक मानतात.

आधीच डिमेन्शिया असलेल्यालाही डेलिरियम होतो, म्हणून एक-दोन दिवसांत अचानक बिघडलं तर त्याच दिवशी दवाखाना. जाताना चालू गोळ्यांची सगळी पाकिटं घ्या, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्यांनीही असं होतं, आणि सोबत रोज घरात असणारं माणूस न्या, वर्षातून एकदा येणारा मुंबईकर मुलगा नको, कारण डॉक्टर पहिलं विचारणार कधीपासून, आणि ते सुनेलाच माहीत असतं.