‘कॉन’ नावाचा फोल्डर का बनत नाही?

‘जगात कुणालाही, अगदी बिल गेट्सलाही, कॉम्प्युटरवर कॉन नावाचा फोल्डर बनवता येत नाही आणि का ते कुणालाच ठाऊक नाही!’ हा फॉरवर्ड ईमेलच्या काळापासून फिरतो आहे. गेट्सचं शाळेतलं टोपणनाव कॉन होतं म्हणून त्याने ही बंदी घातली, अशी पुरवणीही कधीकधी जोडलेली असते.

पहिला भाग जवळजवळ खरा आहे. विंडोजवर नवा फोल्डर काढून सी, ओ, एन ही तीन अक्षरं टाइप करा. डिव्हाइसचं नाव चालणार नाही, अशी तक्रार येईल. ‘का ते ठाऊक नाही’ ही मात्र थाप. कारण चांगलं ठाऊक आहे आणि टोपणनावापेक्षा कितीतरी गमतीचं आहे.

1970च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी लिहिलेल्या सीपी/एम या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये उपकरणांना छोटी नावं होती. 1981 मध्ये आयबीएमच्या पीसीबरोबर आलेल्या डॉसने, म्हणजे विंडोजच्या पूर्वजाने, ती कल्पना उचलली. कॉन म्हणजे कन्सोल, अर्थात कीबोर्ड आणि पडदा. पीआरएन म्हणजे प्रिंटर. एनयूएल म्हणजे बिनतळाची विहीर, टाकाल ते गडप. कल्पना देखणी होती, हे आधी कबूल करू. ‘कॉपी कॉन लेटर.टीएक्सटी’ असा हुकूम दिला की तुम्ही टाइप कराल ते थेट फाइलमध्ये जाई. शेवटी कंट्रोल-झेड आणि एंटर. आपण कीबोर्डची नक्कल काढतो आहोत की फाइलची, याचा कॉपीला पत्ताच नसे.

पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. फ्लॉपीवर सगळ्या फाइली एकाच यादीत, त्यामुळे नाव एकदा राखून ठेवलं की भागत होतं. 1983 मध्ये डॉस 2.0 बरोबर फोल्डर आले आणि पंचाईत झाली: कॉन ठेवायचा कुठे? युनिक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने उपकरणं ‘डेव्ह’ नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून हा प्रश्न कधीच सोडवला होता. डॉस 2 मध्येही तशी एक छुपी सोय होती. पण आधीच विकल्या गेलेल्या प्रोग्रॅमांना फोल्डर हा प्रकारच माहीत नव्हता. ते जिथे असतील तिथेच कॉन मागणार. ते मोडायला नकोत, म्हणून कॉन प्रत्येक फोल्डरमध्ये आहे असं मानायचं ठरलं. दिसत नाही, जागा व्यापत नाही, पण सर्वत्र आहे. निर्गुण निराकारच म्हणा.

बरं, कॉन.टीएक्सटी या नावानेही पूर्वी अडायचं, ते का? डॉस फाइलचं नाव दोन तुकड्यांत ठेवी: नावाला 8 अक्षरं, एक्स्टेन्शनला, म्हणजे टिंबानंतरच्या टीएक्सटीसारख्या शेपटाला, 3. उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे ती चालवणारे छोटे प्रोग्रॅम, एकाला एक जोडलेल्या साखळीत असत, सुरुवात एनयूएलपासून, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर 8 बाइटांचं नाव. फाइल उघडायला सांगितली की नाव या साखळीशी ताडून पाहिलं जाई. नावाचा तुकडा जुळला की ते उपकरण. एक्स्टेन्शन विचारातच घ्यायचं नाही. हा आळस नव्हता. मायक्रोसॉफ्टचा लिंकर, म्हणजे प्रोग्रॅमचे तुकडे जोडणारं साधन, त्या जोडणीचा तपशील लिहायच्या मॅप-फाइलचं नाव विचारी. ती नको असेल तर एनयूएल चालत असे, पण लिंकर इमानदारीत त्यालाही एमएपी हे शेपूट लावी. डॉसने शेपूट मोजलं असतं तर नको असलेली फाइल एनयूएल.एमएपी नावाने डिस्कवर हजर!

‘नव्या’ विंडोजची जाहिरात येते तेव्हा मला हे सगळं आठवतं. विंडोज 95 आणि 98 मध्ये तर ‘कॉन\कॉन’, म्हणजे उपकरणाच्या पोटात उपकरण, असा पत्ता उघडायला सांगितला की मशीन मान टाकत असे. एखाद्या वेबपानाने आपल्या चित्राचा पत्ता म्हणून तो दिला तरी पुरे. दुरुस्ती यायला मार्च 2000 उजाडला.

युनिक्सवाल्यांनी फार हसू नये. भलत्या फाइलला टर्मिनलचा, म्हणजे कीबोर्ड-पडद्यासाठीचा, हुकूम दिला की त्यांच्याकडे ‘हा टाइपरायटर नव्हे’ अशी चूक दाखवली जायची, आणि युनिक्सच्याच वळणावर बेतलेल्या लिनक्सच्या ड्रायव्हरला प्रिंटरचं म्हणणं कळेनासं झालं की तो ‘एलपी0 ऑन फायर’, म्हणजे प्रिंटर पेटलाय, असं बेधडक कळवतो. दोन्ही घराण्यांची गाठही मजेशीर पडते. लिनक्सच्या सोर्स कोडमध्ये ‘एयूएक्स.सी’ नावाची फाइल आहे आणि एयूएक्स हेही डॉसचं राखीव नाव. त्यामुळे तो कोड विंडोजवर उतरवताना अनेकांचं घोडं नेमकं तिथे अडलं.

आणि हो, कॉन फोल्डर बनवता येतो. कमांड विंडोत पूर्ण पत्त्याआधी दोन उलट्या तिरप्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि आणखी एक उलटी रेघ लावायची. मग विंडोज नावाची नेहमीची झडती घेत नाही. फक्त ही खूण कुठेतरी लिहून ठेवा, कारण तो फोल्डर पुसायलाही तीच लागते.