इटलीत भाड्याची गाडी चालवायची असल्यास: आंतरराष्ट्रीय वाहन परवान्याची पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

तोस्कानातील खेडी किंवा आमाल्फीचा किनारा स्वतः गाडी चालवत पाहावा, असे ठरवणाऱ्या भारतीय पर्यटकाला इटलीत दोन कागद एकत्र जवळ बाळगावे लागतात: भारतातील मूळ वाहन परवाना आणि त्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना, म्हणजेच आयडीपी. आपला परवाना इंग्रजीत असला तरी इटलीच्या वाहतूक कायद्यानुसार युरोपीय संघाबाहेरील परवान्याला आयडीपीची किंवा अधिकृत इटालियन भाषांतराची जोड आवश्यक असते. भारत आणि इटली हे दोन्ही देश १९४९ च्या जिनिव्हा रस्ते वाहतूक करारात सहभागी असल्यामुळे आपल्या आरटीओने दिलेला आयडीपी तेथे चालतो. नुसता आयडीपी दाखवून मात्र भागत नाही. मूळ कार्ड घरी ठेवून डिजिलॉकरमधील प्रत दाखवू, अशा भरवशावर कोणी राहू नये.

आयडीपीसाठी अर्जदार भारताचा नागरिक असावा आणि त्याच्याकडे मुदतीत असलेला पक्का परवाना असावा. शिकाऊ परवान्यावर आयडीपी मिळत नाही. मूळ परवान्यावर ज्या वर्गाच्या वाहनांची नोंद असते, तेवढ्याच वर्गांसाठी आयडीपी दिला जातो. त्यामुळे केवळ दुचाकीचा परवाना असलेल्याला त्याच्या आधारे मोटार भाड्याने घेता येणार नाही. जुना पुस्तिकेच्या स्वरूपातील परवाना ज्यांच्याकडे अजून आहे, त्यांची नोंद परिवहन खात्याच्या ‘सारथी’ या ऑनलाइन प्रणालीत आहे की नाही हे आधी पाहावे, कारण ती नसल्यास ऑनलाइन अर्ज पुढे सरकत नाही आणि नोंद करून घेण्यासाठी आरटीओत वेगळी खेप घालावी लागते.

अर्ज ‘सारथी’च्या संकेतस्थळावर महाराष्ट्र राज्य निवडून, परवान्याच्या सेवांमधून करता येतो. त्याचा नमुना ४-अ असून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार शुल्क १,००० रुपये आहे. परवान्याची आणि पारपत्राची प्रत, छायाचित्रे व पत्त्याचा पुरावा ही मुख्य कागदपत्रे होत. जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने वैद्यकीय प्रमाणपत्राची आणि अर्जाच्या वेळी व्हिसा हाती असण्याची अट काढून टाकली आहे. तरीही खिडकीवर व्हिसाची किंवा विमान तिकिटाची प्रत मागितली जाऊ शकते, म्हणून असलेल्या प्रती सोबत न्याव्यात. त्यावरून वाद घालण्यात सकाळ घालवण्यापेक्षा ते सोयीचे. आयडीपी एका वर्षासाठी असतो, पण मूळ परवान्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तो त्या दिवसापर्यंतच चालतो. त्यामुळे आधी परवान्याचे नूतनीकरण करून मगच आयडीपीचा अर्ज करणे शहाणपणाचे.

आपल्याकडे खरी अडचण नावाची येते. पारपत्रावर आडनाव वेगळ्या रकान्यात असते, परवान्यावर आडनाव आधी आणि वडिलांचे किंवा पतीचे नाव शेवटी, तर काही स्त्रियांच्या बाबतीत एका कागदावर माहेरचे आणि दुसऱ्यावर सासरचे नाव असते. गाडी देणारी कंपनी आरक्षण, पारपत्र, परवाना आणि क्रेडिट कार्ड यांवरील नावे ताडून पाहते, म्हणून अशी तफावत अर्जापूर्वीच दुरुस्त करून घ्यावी. डॉलरमध्ये पैसे घेऊन घरपोच ‘आंतरराष्ट्रीय परवाना’ देणाऱ्या संकेतस्थळांपासूनही दूर राहावे. ती पुस्तिका दिसायला कितीही रुबाबदार असली, तरी तो शासनाने दिलेला आयडीपी नव्हे.

इटलीत मोटार चालवण्याचे कायदेशीर वय १८ असले तरी भाड्याने देणाऱ्या बहुतेक कंपन्या किमान २१ वर्षांची अट घालतात आणि २५ वर्षांखालील चालकाकडून जादा आकार घेतात. अनामत रक्कम सहसा मुख्य चालकाच्याच नावावरील क्रेडिट कार्डवर अडकवून ठेवली जाते. डेबिट कार्ड अनेकदा नाकारले जाते. बिनागिअरची गाडी हवी असल्यास आरक्षणातच तसे नमूद करावे. मिलानहून स्वित्झर्लंडमध्ये जायचे असेल, तर सीमा ओलांडण्याची परवानगी कंपनीकडून आधी घ्यावी आणि तिथल्या महामार्गांसाठी लागणारा ४० फ्रँकचा वार्षिक विग्नेट, म्हणजे पथकर भरल्याचे चिन्हपत्र, गाडीवर आहे का, हेही पाहावे.

रस्त्यावर उजवीकडून चालवण्याची सवय दोन दिवसांत होते. पर्यटकांना महाग पडतात ती झेडटीएल, म्हणजे फ्लॉरेन्स, रोम यांसारख्या शहरांच्या जुन्या भागांतील मर्यादित वाहतुकीची क्षेत्रे. प्रवेशावरील फलकावर ‘वार्को आत्तिवो’ अशी अक्षरे उजळलेली असतील, तर कॅमेरा सुरू आहे असे समजावे. अडवायला तिथे कोणी पोलीस उभा नसतो. हॉटेल त्या क्षेत्रात असेल, तर गाडीचा क्रमांक नोंदवून प्रवेश मिळतो का, हे हॉटेलला आधीच विचारावे. दंडाची नोटीस परदेशातील पत्त्यावर ३६० दिवसांपर्यंत येऊ शकते आणि चालकाचे नाव पोलिसांना कळवल्याबद्दल गाडीची कंपनी स्वतःचे वेगळे शुल्क कार्डवरून वळते करते. हे शुल्क म्हणजे दंड नव्हे, तो निराळा भरावा लागतो. नोटीस मिळाल्यापासून पाच दिवसांत भरल्यास अशा दंडात साधारणपणे ३० टक्के सूट मिळते.